तीन लिटर तेल आणि १८८६ साल

१८८६ सालच्या एप्रिल महिन्यात ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला रत्नागिरीत आणण्यात आलं. वय सत्तावीस. सोबत राणी सुपयालात आणि लहान मुली. मंडालेचं सिंहासन आदल्या नोव्हेंबरातच इंग्रजांनी घेतलं होतं. १९१६ च्या डिसेंबरात डोळे मिटेपर्यंत तो इथेच राहिला. आपण ज्याला थिबा पॅलेस म्हणतो, तो वाडा १९१० मध्ये बांधून झाला. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनीच तो पाहिलेला असतो. पण ज्या राज्यावरून हा राजा उठवला गेला, त्या राज्यात तेल होतं, हे तिथे फारसं कुणी सांगत नाही.

इरावती नदीच्या काठी येनानजाउंग म्हणून गाव आहे. तिथे पिढ्यान्‌पिढ्या माणसं हातांनी विहिरी खणून खनिज तेल काढत. विहिरीत वायू इतका साचलेला असे, की खणणाऱ्याला दोराने खाली सोडायचं आणि थोड्याच वेळात वर ओढून घ्यायचं, अशी पद्धत होती. थिबाचे वडील मिंडोन यांनी या तेलाच्या व्यापाराची मक्तेदारी राजसत्तेकडे घेतली. रंगूनहून निघालेलं हे तेल मेणबत्त्यांसाठी विलायतेला जाई आणि बंदुकांना गंज चढू नये म्हणून सैनिकांच्या पेटाऱ्यातही असे. राज्य गेलं आणि त्याच १८८६ साली डेव्हिड कारगिल या स्कॉटिश व्यापाऱ्याने बर्मा ऑइल ही कंपनी स्थापन केली. १९२८ मध्ये तिने शेलशी हातमिळवणी करून हिंदुस्थानात बर्मा-शेल उभी केली. १९७६ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली, तीच आजची भारत पेट्रोलियम, ‘मॅक’ ऑइल विकणारी. मधल्या काळात, १९६६ साली, बर्मा ऑइलने कॅस्ट्रॉलही विकत घेतली होती. म्हणजे मारुती मंदिराजवळच्या दुकानात उभं राहून कुणी ‘मॅकचा डबा द्या’ म्हणो किंवा ‘कॅस्ट्रॉल द्या’ म्हणो, त्या डब्याच्या वंशावळीत थिबाच्या हरवलेल्या राज्यातली एक विहीर आहे.

१८८६ मध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. २९ जानेवारीला जर्मनीत कार्ल बेन्झने आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट नोंदवलं. आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या प्राध्यापकाचा वंगणाच्या सिद्धान्तावरचा निबंध रॉयल सोसायटीने छापला. मोटार, ती चालवणारं तेल विकणारी कंपनी, ते तेल नेमकं काय करतं याचं गणित, आणि ज्याच्या जमिनीतून तेल आलं तो राजा रत्नागिरीत: चारही एकाच वर्षात. यातल्या कुणाला दुसऱ्याची खबरही नसणार. मला हा योगायोग डोक्यातून काढता येत नाही. आपल्या गाडीत दर वर्षी बदलल्या जाणाऱ्या तीन-साडेतीन लिटर तेलाकडे तेव्हापासून मी वेगळ्या नजरेने बघतो.

यातलं सगळ्यांत विलक्षण काही असेल, तर ते रेनॉल्ड्सचं गणित. त्याची सुरुवात झाली एका लाकडी खुंटीपासून. १८८३ च्या सुमारास बोशँप टॉवर हा अभियंता रेल्वेच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होता. खाली तेलात बुडालेला फिरता दांडा आणि त्याच्यावर बसवलेलं, वजनाखाली दाबलेलं बेअरिंग, अशी रचना. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या डोक्यावर एक भोक पाडलं. यंत्र सुरू केलं तर तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला आणि काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्याही पुढे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार त्याच्या निम्माच होता. तेल नुसतं चोपडलं जात नव्हतं. ते बेअरिंगला आणि त्यावरच्या ओझ्याला उचलून धरत होतं.

असं का होतं, ते रेनॉल्ड्सने तीन वर्षांनी समीकरणात मांडलं. फिरणारा दांडा स्वतःला चिकटलेलं तेल ओढत नेतो. बेअरिंगमध्ये दांडा किंचित एका बाजूला सरकलेला असतो, त्यामुळे दोघांमधली फट पुढे पुढे अरुंद होत जाते. अरुंद होणाऱ्या फटीत तेल कोंबलं गेलं की दाब वाढतो आणि तो दाब धातूला धातूपासून दूर ठेवतो. पावसाळ्यात हातखंब्याच्या पुढे, साचलेल्या पाण्यावरून वेगात जाताना एखाद्या क्षणी स्टिअरिंग हलकं लागतं आणि चाकं रस्त्यावर नाहीत हे पोटात कळतं. टायरखाली निमुळत्या फटीत कोंबलेलं पाणी गाडीला उचलतं, म्हणून ते होतं. रस्त्यावर हे संकट आहे. इंजिनाच्या आत हीच घटना मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या वेगाने, सतत, आपल्या भल्यासाठी चाललेली असते.

आता आकडे बघा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस स्फोट होतात. लहान पेट्रोल गाडीतसुद्धा एकेका स्फोटात पिस्टनच्या माथ्यावर सुमारे दोन टनांचा जोर येतो. तो कनेक्टिंग रॉडमधून खाली क्रँकशाफ्टवर उतरतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली सगळी मोकळी जागा असते २५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. भार पडतो तिथे तेलाचा थर याहूनही कितीतरी पातळ, मायक्रॉन-दोन मायक्रॉन इतकाच उरतो. आंबा घाटात चार माणसं, सामान आणि दोन आंब्याच्या पेट्या घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी त्या थरावर तरलेली असते. तो टिकला तर दोन लाख किलोमीटरनंतर बेअरिंग उघडून बघितलं तरी जवळजवळ नवं वाटतं.

तेल निवडायचं म्हणजे मुळात या थराची जाडी निवडायची.

डब्यावर ५डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० असं छापलेलं असतं. मागचा आकडा इंजिन तापलेलं असताना तेल किती घट्ट राहील ते सांगतो. १०० अंश सेल्सियसला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या पट्ट्यात बसणारं तेल ३०, आणि १२.५ ते १६.३ मध्ये बसणारं ४०. साधं पाणी सुमारे १ सेंटिस्टोक असतं. म्हणजे धावत्या इंजिनातलं तेल पाण्याच्या दहा-बारापट घट्ट, एवढंच. तेच तेल ४० अंशांवर ६०च्या आसपास असतं, आणि पहाटे गाडी सुरू करताना त्याहून कितीतरी जास्त. पुढचा आकडा आणि डब्ल्यू हा हिवाळ्याचा निकष आहे: ५डब्ल्यूची परीक्षा उणे ३० अंशांना घेतात, १०डब्ल्यूची उणे २५ ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला.

यावर रत्नागिरीत हमखास प्रश्न येतो, की इथे पारा १५ अंशांखाली क्वचितच जातो, मग त्या उणे तिसाशी आपला काय संबंध? प्रश्न रास्त आहे, पण संबंध आहे. रात्रभर उभ्या गाडीतलं तेल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. किल्ली फिरवल्यावर पंपाने ते वर, कॅमशाफ्टपर्यंत नेईतोवर वरचे भाग मागे राहिलेल्या पुसट ओलाव्यावरच फिरतात. आपल्या वीस अंशांच्या पहाटेलाही प्रत्येक तेल गरजेपेक्षा घट्टच असतं. फक्त पुढचा आकडा लहान असलेलं तेल थोडं कमी घट्ट असतं आणि लवकर पोचतं. इंजिनाची बरीचशी झीज याच पहिल्या काही मिनिटांत होते.

एकाच तेलाला दोन आकडे कसे लावता येतात, हाही नवल वाटावं असाच प्रकार आहे. कुठलंही तेल तापलं की पातळ होतं. पण तेलात लांबलचक साखळ्यांचे पॉलिमर विरघळवले तर ते थंडीत गुंडाळी करून बसतात आणि जवळपास अडथळा करत नाहीत. तापमान वाढलं की साखळ्या उलगडतात, पसरतात आणि तेलाचं पातळ होणं रोखतात. पाण्यासारखं वाहणाऱ्या तेलाला ऐन उष्णतेत अंग देणारे हे रेणू आहेत. मात्र गिअर आणि बेअरिंगांच्या अरुंद फटींमधून हजारो वेळा पिळून निघताना साखळ्या तुटत जातात. वापरलेलं तेल काही काळाने आपला मागचा आकडा राखू शकत नाही, त्याचं हे एक कारण.

‘गाडी जुनी झाली, जरा जाड ऑइल घाला हो’, असं सांगणारे काका प्रत्येक गॅरेजमध्ये भेटतात. चांगला मिस्त्री त्यावर वाद घालत नाही. ‘काका, तुमचं मॅन्युअल आणा, त्यात काय लिहिलंय बघू या’, एवढंच म्हणतो. जाड तेल म्हणजे जास्त संरक्षण, ही समजूत पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनांच्या बाबतीत बऱ्यापैकी खरी होती. आजच्या इंजिनांत फटी अरुंद आहेत. शिवाय तेलावर आता दुसरीही कामं सोपवलेली आहेत. व्हॉल्व्ह कधी उघडायचे ती वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा बहुतेक गाड्यांत तेलाच्याच दाबावर फिरते. अपेक्षेपेक्षा घट्ट तेल त्या बारीक वाटांतून वेळेवर पोचत नाही. अलीकडच्या काही मारुती गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-१६ सांगते. डब्यातून ओतताना ते इतकं पातळ दिसतं की छातीत धस्स होतं. पण त्या इंजिनाचे पंप, बेअरिंगांची रुंदी आणि फटी त्या पातळपणाचा हिशेब करूनच आखलेल्या असतात. म्हणून गाडीच्या पुस्तकात जो ग्रेड लिहिला आहे तो घ्या. पुस्तकात दोन-तीन ग्रेड दिले असतील आणि तुमचं जाणं-येणं घाटातून, भरल्या गाडीनिशी असेल, तर त्यांतला मागचा आकडा मोठा असलेला निवडा. पुस्तकाबाहेर मात्र जाऊ नका.

ग्रेडनंतर डब्याच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची. पेट्रोल गाडीच्या डब्यावर एपीआय एसएन, एसपी असं लिहिलेलं असतं. दुसरं अक्षर वर्णमालेत जितकं पुढचं, तितकी परीक्षा नवी. एसपी ही परीक्षा २०२० साली आली, आणि तिच्यामागे एक कथा आहे, ती थोड्या वेळाने सांगतो. डिझेलची गोष्ट वेगळी. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी त्यात जाळून टाकता येते, पण तेलातल्या धातूंची राख जळत नाही; ती साचत जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राख सोडणारं तेल लागतं, ज्यावर एसीईए सी२, सी३ अशी खूण असते. शेजाऱ्याच्या जुन्या डिझेल जीपचं उत्तम चालणारं तेल आपल्या नव्या गाडीत ओतलं, तर इंजिनाला काही होणार नाही, पण तो महागडा फिल्टर अकाली भरेल.

सिंथेटिक की साधं, हा प्रश्न बराच चर्चिला जातो, त्यामानाने तो सोपा आहे. जमिनीतून आलेल्या तेलात नाना आकारांचे रेणू असतात: काही सरळ, काही फांद्या फुटलेले, काही कडी घातलेले, काहींत गंधक. साध्या तेलात शुद्धीकरणानंतरही ही सरमिसळ थोडीफार राहते. हायड्रोजनच्या प्रचंड दाबाखाली हे रेणू तोडून पुन्हा हव्या त्या आकाराचे घडवले, की उष्णतेला टिकणारं, थंडीत वाहतं राहणारं एकसारखं तेल मिळतं. अशा तेलाला सिंथेटिक म्हणायचं का, यावरून अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध जाहिरातींच्या पंचांकडे तक्रार केली होती. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. आज बाजारातली बहुसंख्य सिंथेटिक तेलं याच वाटेने बनतात आणि ती खरोखर चांगली आहेत. पुस्तक ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू सांगत असेल तर बहुतेकदा सिंथेटिकच घ्यावं लागतं. साधं चालत असेल आणि गाडी वर्षाला चार हजार किलोमीटर चालत असेल, तर वेळेवर बदललेलं साधं तेल पुरेसं आहे. बदल लांबवण्यासाठी महाग तेल घ्यावं, हे मला पटत नाही.

डब्यातल्या तेलाचा लहानसा पण मोलाचा भाग म्हणजे त्यात मिसळलेली रसायनं, आणि माझं मन सगळ्यांत जास्त तिथे रमतं. जस्त, फॉस्फरस आणि गंधक यांचं एक संयुग १९४० च्या दशकापासून तेलात घालतात. बेअरिंगचा धातू गंजू नये आणि तेल आंबू नये म्हणून ते आणलं. मग लक्षात आलं की त्यामुळे झीजही कमी होते. जिथे तेलाचा थर फाटतो आणि कॅमवर धातू धातूला घासतो, नेमक्या त्याच जागी, त्याच घर्षणाच्या ताणाने आणि उष्णतेने, हे संयुग फुटतं आणि लोखंडावर काचेसारख्या फॉस्फेटचा थर बांधतं. जाडी सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मायक्रॉनचा दहावा हिस्सा. पुढच्या घर्षणात झिजतो तो हा थर, आणि तेलातून तो पुन्हा बांधला जातो. घासलं जाईल तिथेच उगवणारं कवच! फॉस्फरस धुरातून जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून आज त्याचं प्रमाण पेट्रोल गाड्यांच्या पातळ तेलांत ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवतात. तेवढ्यावर सगळं भागतं.

दुसरा घटक आपल्या फार ओळखीचा. इंधन जळताना आम्लं तयार होतात आणि पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा धूर नेहमीच खाली तेलात झिरपतो. त्या आम्लांना मारण्यासाठी तेलात कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं. भाट्ये खाडीतल्या तिसऱ्या-मुळ्यांचे शिंपले ज्याचे बनलेले असतात, तेच हे. फक्त इथे त्याचे कण काही नॅनोमीटरचे, साबणासारख्या रेणूंच्या वेष्टनात, इतके बारीक की तेल पारदर्शक सोनेरी दिसतं. कण एकेक करून आम्लाला भिडतात आणि संपतात. तेल बदलण्याची वेळ ठरवणाऱ्या गोष्टींत या साठ्याचं संपणं फार महत्त्वाचं आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

एसपीची कथा इथेच आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी लहान टर्बो पेट्रोल इंजिनं आली आणि त्यांत एक गूढ प्रकार घडू लागला. कमी फेऱ्यांवर, जोर लावताना, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेई आणि एखादा पिस्टन फुटे. शोध घेता घेता संशय तेलावर आला. सिलिंडरमध्ये शिरलेला तेलाचा थेंब आधी पेटतो, आणि त्यातलं कॅल्शियम त्याला मदत करतं. मग कॅल्शियमचा काही भाग काढून तिथे मॅग्नेशियम आणलं गेलं. टर्बो पेट्रोल गाडी असेल, तर डब्यावर एसपी किंवा त्यापुढची खूण असणं म्हणूनच आवश्यक आहे.

तेल काळं पडतं ते तेलात मिसळलेल्या अशाच दुसऱ्या रसायनांमुळे, आणि काळं पडलं म्हणून घाबरायचं कारण नाही. काजळीचे कण एकमेकांना चिकटून गाळ होऊ नये म्हणून तेलातले काही रेणू प्रत्येक कणाला वेगवेगळं धरून तरंगत ठेवतात. डिझेल गाडीत नवं तेल काही शे किलोमीटरांत काळंकुट्ट होतं, ते काम करत असल्याची ती खूण. दोन बोटांत चोळून ‘दम आहे अजून’ असं सांगणारे अनुभवी हात मी पाहिले आहेत. त्या हातांबद्दल मला आदर आहे. पण आम्लाला तोंड देणारे कण किती उरले, हे बोटांना कळत नाही. म्हणून पुस्तकातला आकडा पाळायचा. बहुतेक घरगुती गाड्यांना तो १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असा असतो.

रत्नागिरीत ‘एक वर्ष’ हे शब्द ‘१०,०००’पेक्षा महत्त्वाचे आहेत. इथल्या कितीतरी गाड्या नाचण्याहून मारुती मंदिर, तिथून माळनाका, भाजी घेऊन घरी, एवढ्याच फिरतात. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ होऊन धुराड्यातून जातं, पण थोडं रिंगांजवळून खाली येऊन थंड इंजिनात तेलावर जमतं. लांबच्या प्रवासात तेल ९०-१०० अंशांपर्यंत तापतं आणि पाणी उडून जातं. तीन किलोमीटरच्या फेरीत काटा वर आलेला दिसला तरी तो पाण्याच्या तापमानाचा काटा. तेल बरंच मागे असतं. पाणी, न जळलेलं पेट्रोल आणि आम्लं तेलात साचत राहतात. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा चिकट थर दिसतो, तो यातूनच. हा थर झाकणापुरताच असेल तर आठवड्यातून एकदा पावसला किंवा गणपतीपुळ्याला जाऊन या, तेल नीट तापू द्या. डिपस्टिकवरही तसंच दिसलं, तर रेडिएटरचं पाणी तेलात येतं आहे. गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवा.

बीएस-६ डिझेल गाडीत हे आणखी विचित्र रूप घेतं. धुराड्यातला फिल्टर साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. गाडी मध्येच बंद झाली, की त्यातलं काही तेलात उतरतं. मग डिपस्टिकवर तेल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. वाढलेली पातळी ही आनंदाची गोष्ट नाही; तेल पातळ झालेलं असतं आणि ते बदलायला हवं.

मुंबईकरांची गावच्या घरी शेडमध्ये उभी असलेली गाडी हा वेगळा प्रकार. पावसाळाभर बंद राहणार असेल, तर तेल मे महिन्यात, गाडी ठेवण्याआधी बदलावं. जुन्या तेलातली आम्लं चार महिने बेअरिंगांवर बसून राहणं वाईट. पावसाळाभर शहरात थोडी थोडी फिरलेल्या गाडीचं मात्र मी पाऊस संपल्यावर बदलेन, कारण पाणी तेव्हाच जास्तीत जास्त साचलेलं असतं.

आणि पूर. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. पाणी तेलापेक्षा जड असतं. इंजिनात शिरलेलं पाणी चेंबरच्या तळाशी जाऊन बसतं, आणि पंपाची तेल ओढणारी नळीही तिथेच, तळाशी असते. अशी गाडी सुरू केली की बेअरिंगांना पहिल्यांदा पाणी मिळतं. शिवाय सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतात. बुडालेल्या गाडीला किल्ली लावायचीच नाही.

ज्यांना घरी तेल बदलायचं आहे त्यांच्यासाठी. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून तेल कोमट करा. कोमट तेल गाळ घेऊन खाली येतं. अंगणातली जांभ्याची फरशी उतरती असेल तर सपाट जागा शोधा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, भक्कम स्टँड लावा. चेंबरचा बोल्ट काढून तेल पूर्ण निथळू द्या. बोल्टचं वॉशर नवं घाला, ते दाबून बसण्यासाठीच असतं. फिल्टर प्रत्येक वेळी बदला. १९२३ मध्ये अमेरिकेत मोटारीच्या तेलाचा फिल्टर आला. त्याआधीच्या गाड्यांत तेल न गाळताच फिरायचं, आणि बेन्झच्या काळात तर थेंब थेंब ठिबकून गळून जायचं, बदलायचा प्रश्नच नव्हता. फिल्टर तुंबला की आतला एक व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे जाऊ देतो, कारण मळक्या तेलापेक्षा तेल नसणं वाईट. उन्हाळ्यात आपल्या लाल मातीची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून एअर फिल्टरही त्याच वेळी बघून घ्या. नव्या ऑइल फिल्टरच्या रबरी कड्याला बोटाने नवं तेल लावा आणि तो हाताने घट्ट करा, पान्याने आवळू नका.

नवं तेल सांगितलेल्या मापापेक्षा थोडं कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, खाली गळत नाही ना पाहा, बंद करून दहा मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघत दोन खुणांच्या मध्ये आणा. वरच्या खुणेच्या पुढे गेलात, तर क्रँकशाफ्ट तेलात आपटून फेस करतो, आणि फेसाला भार पेलता येत नाही. टॉवरची खुंटी बाहेर ढकलणारा दाब हवेच्या बुडबुड्यांतून उभा राहत नाही. डबा ओळखीच्या दुकानातून, सील बघून घ्या आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडा, म्हणजे कुणी त्यात भलतंच तेल भरून विकणार नाही.

उरतं ते जळकं ऑइल. कोकणात ते वाया जात नाही असं आपण समजतो: वाशांना वाळवीसाठी, सेंट्रिंगच्या प्लेटांना, गोठ्याच्या लाकडाला. पण त्यात कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं साचलेली असतात. कातडीला लागू देऊ नये आणि जनावरं चाटतील अशा जागी तर नकोच. जमिनीवर ओतणं त्याहून वाईट. जांभा सच्छिद्र आहे, त्यातून झिरपलेलं पाणी आपल्या विहिरींना येतं आणि तेलही त्याच वाटेने जातं. कायद्याने हा घातक कचरा आहे, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं तेल पुन्हा वापरात आणवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. हे शक्य होतं, कारण तेलाचे मूळ रेणू बहुतांशी शाबूत असतात. संपतात ती रसायनं. मिसळतात ती काजळी, पाणी आणि इंधन. निर्वात भांड्यात तापवून आणि हायड्रोजनची प्रक्रिया करून ही सगळी घाण वेगळी काढली, की पुन्हा नव्या डब्यात भरण्याजोगं मूळ तेल हाती येतं. म्हणून घरी काढलेलं तेल कॅनमध्ये भरून, पाणी किंवा थिनर न मिसळता, मिरजोळे किंवा कुवारबावच्या ज्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचा ड्रम ठेवलेला असेल तिथे द्या, आणि देताना तो ड्रम अधिकृत पुनर्शुद्धीकरणवाल्याकडे जातो ना, हे विचारून घ्या.